पदराला चिकटणारे किडे

घर म्हणजे घर, मग त्याला चाकं असली म्हणून काय झालं, असं स्वतःला बजावून मालन त्या डब्यात राहायला आली, आणि पंधरवड्यात तिने त्या डब्याला लाख शिव्या घातल्या.

नाहूरला खाडीच्या अंगाला तारेचं कुंपण घातलेली ती जागा. तिथे कारखाना उभा राहायचा होता, तो काही राहिला नाही. मशीन बसवायला आलेल्या कुठल्याशा गोऱ्या इंजिनियरसाठी मालकाने चाकांवरची ही खोली मागवली होती, तेवढी राहिली. आत समोरासमोर दोन बाकं, नावापुरती मोरी, काचेच्या सरकत्या खिडक्या, आणि भिंतीला कडीने लावलेली एक फळी. कडी काढून ती खाली पाडली की जेमतेम पोराच्या मापाचा बिछाना व्हायचा. मालनचा नवरा गुणाजी लूमवर होता. संपात गिरणी गेली, मागोमाग लालबागची खोलीही गेली, आणि वर्षभर इकडेतिकडे काढल्यावर त्याला या जागेवर वॉचमनची नोकरी लागली. राहायला डबा मिळाला. मालनने ती फळी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिची पद्मी, पद्मजा, ते वर्षभर घाटकोपरला थोरल्या दिरांकडे होती. आता पोरीला आणायला जागा झाली होती.

मालनने फळी पाडली, धुतली, वर पद्मीची गोधडी अंथरली. दुसऱ्या सकाळी गोधडीवर किडे बसले होते.

अंगठ्याच्या नखाएवढे, हिरवट, पाठीवर ढाल घेतल्यासारखे. गावी भाताच्या लोंबीवर बसतात तसले. चावत नाहीत, काही खात नाहीत, पण हात लागला की सडक्या कोथिंबिरीचा असा दर्प सोडतात की जेवण घशाखाली उतरू नये. मालनने झाडून काढले. संध्याकाळी पुन्हा हजर. बाकांवर नाहीत, ताटात नाहीत, गोधडीवरच. आणि मालन कामाला वाकली की तिच्या पदरावर. साधे बसत नसत. धरून बसत. एकेक पाय सोडवून काढावा लागे, आणि काढून खाली ठेवला की तोच किडा पुन्हा तिच्याकडेच चालत यायचा.

"माका काय त्रास देत नाय गो," गुणाजी विडी शिलगावत म्हणाला. "तुझ्याच मागे लागतत. मरांदे ते."

"मरांदे काय? तुमच्या वैनी बघायला येणार आहेत उद्या!"

आणि जाऊ आली. रत्नप्रभाला स्वतःचं मूल नव्हतं. बाई वाईट नव्हती, पद्मीच्या वेण्या घालायची, तिला मांडीवर घेऊन भरवायची, आणि तेच मालनला सलायचं. रत्नप्रभा बाकावर नीट सावरून बसली, चहाचा कप उचलला, आणि टपकन एक किडा कपात पडला. रत्नप्रभाने कप खाली ठेवला.

"मालन, खरं सांगू? असल्या घाणीत पोरगी नाही ठेवायची. किडे गेले की लेक तुझी, कधीही ने. नाही गेले तर जूनमध्ये मी आमच्याच शाळेत नाव घालते. आणि नाव घालायचंच तर आमचंच लावू का, तेही भावोजींना विचारून ठेव."

मालनच्या अंगाचा तिळपापड झाला. किड्यांपायी पोर जाते की काय! हे म्हणजे अतिच झालं. रविवारी ती घाटकोपरला गेली तेव्हा पद्मी धावत येऊन तिच्या कमरेला मिठी मारून बसली, सोडायलाच तयार नाही. "आई, मला ने ना. आत्ताच ने ना." तिला समजावता समजावता मालनच्या नाकी नऊ आले. परतताना बसमध्ये तिने ठरवलं, आता या किड्यांचा निकाल लावायचाच.

तिने रॉकेल आणलं. फटीफटीत चिंधीने भरलं, फळी पुसली, गोधडी उकळत्या पाण्यात घातली. किडे पटापट पडले. निम्मे तरी मेले असतील. पुढच्या रविवारी पद्मी धावत आली नाही. दारात उभी राहून हसली. "आई, तू बस ना," म्हणाली, आणि पाटीवर चित्र काढत राहिली. निघताना रडलीही नाही.

'जावेने कान भरले,' मालनच्या मनात आलं. दुसरं काय असणार?

मग गुणाजीने मुलुंडहून पांढरी पावडर आणली. डब्यात पाय ठेवला तरी पावलं उमटायची. किडे आणखी कमी झाले, पण जे उरले ते उरलेच. पावडरीतून वाट काढत, पांढरे होऊन, मालनच्या पदरापर्यंत पोहोचायचे. तिला आता त्यांचा नुसता राग येत नव्हता, संताप यायचा. "अरे मेल्यांनो, का माझ्या जिवावर उठलात?" ती भर दुपारी एकटीच ओरडायची. त्या रविवारी पद्मीने, विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. मालनने जवळ घेतलं तर पोर अंग चोरून उभी राहिली, जशी अनोळखी बाईने उचलल्यावर राहते.

"तुम्ही काय सांगता हो तिला माझ्याविषयी?" मालनने जावेला तोंडावर विचारलं.

रत्नप्रभाचा चेहरा उतरला. "देवाशपथ काही नाही गं. उलट मीच तिला तुझी आठवण करून देते. ती..."

मालनचा विश्वास बसला नाही. शाळा तोंडावर आली होती. कुंपणापलीकडच्या झोपड्यांत साताऱ्याकडची रुक्मिणी राहायची, तिच्यापाशी मालन रडली.

"मिरच्यांची धुरी दे," रुक्मिणी म्हणाली. "तितं मानूस टिकत न्हाई, किडं काय टिकत्यात?"

भर दुपारी दोघींनी घमेल्यात निखारे घेतले, डब्याच्या मधोमध ठेवले, वर ओंजळ ओंजळ लवंगी मिरच्या टाकल्या. खिडक्या सरकवून बंद केल्या. मालनने बाहेरून दाराची कडी घातली आणि दोघी शिरीषाच्या सावलीत जाऊन बसल्या. गुणाजी गेटवर होता. काचा आतून पिवळट झाल्या. फटींतून येणाऱ्या धुरानेच दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या, ठसका आवरेना.

मग दोघींचा ठसका थांबला, आणि तरी कुणीतरी खोकतच होतं.

रुक्मिणीने पदर तोंडावरून काढला. "आत कोन हाय गं?"

"कोणी नाही."

"अगं, पोराचा आवाज हाय."

आवाज बारीक होता. लहान मूल खोकून खोकून थकतं तसा. मालनने स्वतः डबा झाडून काढला होता. मांजरसुद्धा राहिलं नव्हतं आत.

"किडे पत्र्यावर आपटतायत," ती म्हणाली. "त्यांचाच आवाज."

दारावर काहीतरी घासल्यासारखं झालं. खाली, कमरेच्याही खाली.

रुक्मिणी उठली. मालनने तिचा हात घट्ट धरला.

"आता उघडलं तर सगळं फुकट जाईल. माझी पोर जाईल. थोडा वेळ. थोडाच वेळ गं."

खोकला चालू राहिला. मग मधे मधे आला.

मग थांबला.

धूर विरल्यावर मालनने कडी काढली. आत कोणीही नव्हतं. गोधडीवर एक किडा नव्हता, बाकांखाली नव्हता, मोरीत नव्हता. सगळे दाराच्या उंबऱ्याशी पडले होते, एकावर एक, दाराकडे तोंड करून. मालनने सुपाने भरून टाकले. त्यांना कसलाच वास येत नव्हता. रुक्मिणी पाणी प्यायलाही थांबली नाही.

पण मालनला तेव्हा आनंदच झाला, आणि तो तिने लपवलाही नाही. दोन दिवस तिने वाट पाहिली. एक किडा फिरकला नाही. रविवारी ती नवा फ्रॉक घेऊन घाटकोपरला गेली. गेले सगळे, वैनी, असं दारातूनच सांगायचं तिने ठरवलं होतं.

दार पद्मीने उघडलं. वेण्या घातलेल्या, गालावर पावडर. ती मालनकडे बघून छान हसली.

"आत या ना," म्हणाली.

मालन आत जाऊन बसली. तिच्या हातातला फ्रॉक हातातच राहिला. पोर स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"आई, कोणीतरी बाई आल्यात."

रत्नप्रभा कणकेच्या हातांनी बाहेर आली, आणि मालनला पाहून भिंतीला टेकली. "मालन, मी नाही शिकवलं गं. परवा दुपारी नुसती खोकत होती, डॉक्टरलाही काही कळेना. मग झोपली. उठली ती... पद्मी, अगं असं काय करतेस? ही तुझी आई ना?"

पद्मीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मोठी माणसं काहीतरी चेष्टा करतात आणि आपल्याला कळत नाही, तशी ती लाजून हसली. मग आत गेली, माठातून पेला भरला, एक थेंबही न सांडता मालनपुढे आणून धरला.

मालन पाणी प्यायली. पाहुण्यांचा रिकामा पेला परत न्यायचा असतो, म्हणून पोर हात पुढे करून उभी राहिली.