फळीवरचं शेंडेफळ

चष्म्याच्या दुकानात दिवसभर इवलेसे स्क्रू पिळणाऱ्या बाईला घरी आल्यावर तरी काहीतरी मोठं बघावंसं वाटेल, असं कुणीही म्हणालं असतं. पण हिला वेड छोट्या गोष्टींचंच. दोन्ही मुलगे शिकायला लांब गेले, घर खायला उठलं, तेव्हा तिने खिडकीत एक फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर मुठीत मावतील अशी झाडं आणून मांडायचा सपाटा लावला. खिडकीत उभं राहायला आता तिकीट काढावं लागणार, असं नवरा म्हणायचा.

निवडीत ती भारी चोखंदळ. पानं बारीक हवीत, कुंडी चहाच्या कपापेक्षा मोठी नको, शेजारच्या अंगावर जाणारं झाड तर नकोच. रांग उतरती लावलेली. आधी पेपेरोमिया, मग फर्न, आणि शेवटी लाल शिरांचं एवढंसं फिटोनिया. नर्सरीतल्या बाईंनी बजावलं होतं, शेंडा खुडत राहा, म्हणजे आहे तेवढंच राहील. रांगेतलं शेवटचं, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं शेंडेफळ.

घरातलं खरं शेंडेफळ, तिची शाळकरी मुलगी, त्यावर फुगून बसली.

"शेंडेफळ मी आहे ना? मग त्याला कशाला?"

आईने हसण्यावारी नेलं. पण मनातून तिला वाटत होतं, ही तरी एवढीच राहावी. हिने तरी बॅग भरू नये.

पुढे शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा मागच्या वर्षीचा गणवेश मुलीला जसाच्या तसा बसला. बूटही बसले. नवरा म्हणाला, गुणी पोर आहे. हलणारा दुधाचा दात नुसता हलतच राहिला. मैत्रिणी तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायला लागल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि प्रत्येक मुलाची आपली चाल असते, असं सांगून दोघींना घरी पाठवलं. मग आईच्या लक्षात आलं की हिची नखं कापून कितीतरी दिवस झालेत आणि ती वाढलेली नाहीत.

एका सुट्टीच्या सकाळी ती फळीपाशी उभी राहून शेंडे खुडत होती. फिटोनियाचा शेंडा तिने नखात धरून तोडला, तशी आतल्या खोलीतून मुलगी कण्हली. डोकं दुखतंय म्हणाली, इथे, अगदी वर. आईने फर्नचं टोक खुडून पाहिलं. आत शांतता होती. मग तिने फिटोनियाला नुसतं बोट लावलं.

"आई, पुन्हा दुखलं."

त्या दिवसापासून तिने खुडणं बंद केलं आणि झाडांना कुणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद दिली. बाकीची झाडं बघता बघता काचेला टेकली. शेंडेफळ मात्र तेवढंच राहिलं. रोज सकाळी त्याचा शेंडा ताजा तुटलेला असायचा. नवऱ्याने आपण खिडकीकडे फिरकलोही नाही म्हणून शपथ घेतली. तिने कुंडी काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली स्वतःजवळ ठेवली.

सकाळी शेंडा तुटलेलाच होता. कपाटात तुटलेला कोंब कुठेच नव्हता.

शाळेची वेळ होत आली होती. मुलगी नेहमीसारखी वेणी घालून घ्यायला पुढ्यात येऊन बसली. आईने भांग पाडला.

टाळूवर, केसांच्या मुळाशी, नखाची बारीक खूण होती.

ओली.

तिने फणी खाली ठेवली. आपले दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकमेकांत गच्च अडकवून धरले.

मुलीने मान जराशी पुढे केली, सवयीने.

"आई," ती म्हणाली, "हळू खुड ना."