ग्राहकाचा चेहरा

"ग्राहकाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आणा."

मोबाइल कंपनीच्या ऑनलाइन दुकानाने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि तडक त्यांच्या शाखेत गेले. ग्राहक म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. घरोघरी नर्स पाठवणारी आमची छोटी संस्था त्यांनीच उभी केली, आणि तिचा नंबर घेतला तो स्वतःच्या नावावर. अठरा वर्षं तोच नंबर शेकडो घरांत औषधांच्या डब्यांवर चिकटवलेला. पडताळणी झाली नाही, तर येत्या सोमवारी तो बंद होणार होता.

काउंटरवर एक सडपातळ तरुण बसला होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न तोडता.

"मृत्यूचा दाखला दिलात तर नंबर बंद होतो," तो हळूच म्हणाला. "नाही दिलात तर... चेहरा मागतात."

"मग मी करू काय?"

"संस्थेच्या नावावर करायला हवा. पण आमच्या ऑनलाइन दुकानाला संस्था म्हणजे काय तेच ठाऊक नाही. तिथे सगळी एकेकटी माणसं."

"म्हणजे माझं कुणीच नाही तिथे."

"मी आहे की," तो बोलून गेला, आणि गोरामोरा झाला. "म्हणजे — अर्ज घ्यायला."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

त्याने हाताने अर्ज लिहिला. मग रोज एक कागद कमी निघायला लागला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हा कालच सांगता आला असता."

"आला असता..." त्याने मान वर केली नाही. "पण मग आज तुम्ही आला नसतात."

शुक्रवारी त्याचे वरचे साहेब शाखेत आले. तो मला सरळ त्यांच्यापुढेच घेऊन गेला, आणि संस्थांसाठी वेगळं ऑनलाइन दुकान हवं म्हणाला.

"दोन दोन दुकानं कशाला?" साहेब वैतागले. "आहे त्यातच एक रकाना वाढवा."

"रकान्याने भागत नाही, साहेब." तो मागे हटला नाही. "यांच्याकडे बावीस नर्स आहेत. एक सोडून गेली की तिचा फोन दुसरीला द्यायचा. आणि मालक गेला, तरी नंबर राहायला हवा. घरच्या गिऱ्हाइकाचं असं नसतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ठामपणे बोलायचं ठरवून आले होते मी.

"काल एका पेशंटच्या मुलाचा फोन आला. तुमचे बाबा आहेत का, म्हणाला. गेले, म्हटलं. तर म्हणाला, ताई, नर्स येईल ना?" मी डोळे टिपले. "बाबा गेलेत, साहेब. काम थांबलेलं नाही. तुमच्या दुकानाला एवढंच कळत नाही हो."

कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. तोच. बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत.

साहेबांनी अर्जावर सही केली. बाबांचा नंबर बंद होता होता वाचला.

महिन्याभराने, भर दुपारी, तो आमच्या ऑफिसात आला. मी नर्सच्या ड्यूट्या लावत होते.

"वेगळं दुकान उघडायचं ठरलंय. फक्त संस्था आणि व्यवसायांसाठी. मुख्य कार्यालयात बोलावलंय मला — वर्षभर." तो उभाच होता. "जाऊ का?"

"मला काय विचारता?"

"दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही."

बाबा गेल्यापासून कुणी निघालं की परत येईल ना, असंच मनात यायचं. नका जाऊ — अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या आणखी कुणा मुलीपाशी तिच्या गेलेल्या बापाचा चेहरा मागितला जाणार होता...

"जा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. दारापर्यंत गेला. त्याची ती पाठ मला बघवेना.

"पण परत ये."

अहो-जाहो कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही. तो दारातच वळला. डोळे भरलेले, आणि ओठांवर हसू.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.