खाली कोण आसा?

"खाली कोण आसा गोऽ?"

माडाच्या शेंड्यावरून आजोबांची साद यायची. अंगणातली छोटी संजना ओरडायची, "कोण नाय, पाडा." ओ आल्याशिवाय म्हाताऱ्याचा कोयता चालत नसे.

२००४च्या भाद्रपदात ती साद मालवणच्या दवाखान्यात डॉक्टर संजनाच्या कानी पुन्हा घुमली. जरा उशिराच.

आधी आला लवू तांडेल, ओलाकिच्च. समुद्र सपाट, वारा पडलेला, आणि हा सुकाणूवरून थेट पाण्यात. होडीचे मालक भाई म्हणाले होते, पिणाऱ्याच्या हाती माझी होडी नको. उद्यापासून सुकाणू याच्या धाकट्या भावाकडे. तो भाऊ, शिवा, लवूला धरून उभा होता. लवूची बायको गंगू मागे.

"मी आज थेंब पिऊक नाय, बाई."

श्वासाला नुसता खारा वास.

"गरगरतं कधी?"

"उजव्या कुशीर वळलंय काय घर फिरता. जरा येळान थांबता. आज मान वर करून ढग बघूक गेलंय, तसाच झाला."

"कान वाजतो? कमी ऐकू येतं?"

"नाय. बायलेचा सगळा ऐकाक येता."

"ऐकतत खंय?" गंगू म्हणाली.

संजनाने त्याची मान उजवीकडे वळवून त्याला झटकन आडवं करायला घेतलं. शिवा पुढे झाला. त्याचा तळहात भावाच्या उजव्या कानामागे गेला. "हळू. थंय दुखात."

लवूची बुबुळं थरथरत फिरली आणि थोड्या वेळाने निवली.

"ही दारू नव्हे," संजना म्हणाली. "कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. चुन्याचे बारीक कण जागा सोडून त्यात शिरले की डोकं वळताच जग फिरतं. कण सुटतात कधी वयाने, कधी मार बसून."

"मार? माका खंय लागलो?"

तिने केसांत बोटं घातली. कानामागे भरत आलेली खूण होती.

"पहिल्यांदा कधी गरगरलं?"

"नारळी पुनवेक," गंगू म्हणाली. "ह्ये दुपारी बांधार निजलेले, आनंदीबाईच्या माडाखाली. शिवान उचलून आणल्यान. ह्यो म्हणालो, दादा पियालो."

"माका त्या दुपारचा काय्येक आठवत नाय," लवू खाली बघत म्हणाला. "घेतली आसतली. भाव खोटा कित्याक सांगात?"

"शिवा त्या दिवशी काय करत होता?"

"ह्यो? सांजेक नारळ लढवी होतो." पुनवेला बंदरावर नारळावर नारळ आपटतात, ज्याचा फुटतो तो हरतो. "ह्येच्या एका नारळान सगळ्यांचे फोडल्यान. करवंटी अशी घट्ट, जणू आनंदीबाईच्याच माडाची."

"ती देते कुणाला नारळ?"

"ती? सुकी झावळ देवची नाय."

शिवा खिडकीबाहेर बघू लागला.

संजनाने लवूचं डोकं पुन्हा उजवीकडे टेकवलं, थांबली. मग डावीकडे वळवलं, थांबली. डाव्या कुशीवर घेतलं आणि सावकाश उठवून बसवलं. कण आल्या वाटेने परत फिरले असावेत.

लवूने आढ्याकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "थांबला गो."

गंगूने पदर डोळ्यांना लावला.

"खूण मला सापडण्याआधी शिवाचा हात तिथे गेला," संजना म्हणाली. "दारूची गोष्टही आधी त्यानेच सांगितली. माडावरून पाडलेला नारळ सरळ बसता तर दादा उरले नसते, चाटून गेला. एवढंच कळत नाही..."

ती शिवाकडे वळली आणि दवाखान्यातली मराठी तिच्या तोंडून गळून पडली.

"खाली कोण आसा, म्हणून साद कित्याक घालूक नाय तू?"

शिवा हातांकडे बघत राहिला.

"साद ऐकून आनंदीबाई भायर इली असती. दादा गवतात दिसाकच नाय. उतरलंय तर रगात. भियालंय. दादा पियालो, म्हटलंय. सुकाणू मी मागूक नाय, वयनी, देवाशप्पथ."

"आणि तो नारळ?" लवूने हळूच विचारलं.

शिवाने पहिल्यांदा भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

"त्याच नारळान जिंकलंय, दादा."