बंद केलेली नोंद

यंत्र परत आणायला जाणं हे आपल्याकडचं सगळ्यात सोपं काम. माणूस गेलेला असतो, घर रिकामं असतं. दोन तारा काढायच्या, डबा पिशवीत टाकायचा आणि निघायचं. तुम्ही पोरं नवीन आहात, पहिले सहा महिने तुमच्या माथी हेच मारतील. म्हणून सांगतोय. आज फोनही कमी आहेत. आणि हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मध्ये दात दाखवलेले मला चालत नाहीत.

ज्याच्यावर हे गुदरलं तो आपल्याकडेच जोडणीला होता. म्हाताऱ्या माणसांच्या घरी डबा बसवायचा, गळ्यात घालायचं बटन द्यायचं, ते दाबलं की इथे टेबलावर फोन कसा वाजतो, डब्यातूनच आपण कसं बोलतो, गाडी कशी पाठवतो ते समजावायचं आणि फॉर्म भरून आणायचा. कमरेला कायम पक्कड, म्हणून सगळे त्याला पक्कड्या म्हणायचे. हाताने चलाख, जिभेने त्याहून. आज्या त्याच्यावर जीव टाकायच्या. थापा मारणाऱ्यातला मात्र नव्हता. आणि यातलं निम्मं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सतरा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी सातला मी त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला भाजी आणायला बाहेर पडल्या आणि फुटपाथवर कोसळल्या. दुपारी इस्पितळातच वारल्या, शुद्धीवर आल्याच नाहीत. बटनाच्या मागे आपला नंबर असतो, त्यावरून इस्पितळानं इथे कळवलं. तो फोन मीच घेतला होता. नोंद उघडली. एकट्या राहतात, नातेवाईक कोणी नाहीत. मी खाली लिहिलं, ग्राहक मयत, घर बंद, यंत्र परत आणणे. दीड मिनिटाचं काम. नोंद बंद केली आणि चहा प्यायला गेलो.

चार दिवस कोणाला जायला जमलं नाही. गुरुवारी अडलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं दुखणं असलेल्या एका आजोबांकडे डबा बसवायचा होता आणि आपल्या कपाटात एकही शिल्लक नव्हता.

पक्कड्या कुरकुरला. "दादा, उद्या पहाटे जातो की. मेलेल्या बाईचं घर कुठे पळून जातंय?"

"आत्ता जा. वाटेत इस्पितळातून बटनही घे."

गेला बिचारा. इस्पितळात दीड तास ताटकळला, तेव्हा कुठे सील केलेल्या पाकिटात बटन मिळालं. ते शर्टाच्या खिशात टाकून तो त्या घराशी पोचला तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. गल्लीतलं शेवटचं घर. एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूच्या घराला कुलूप. दाराशेजारी चार आकडे फिरवून उघडायची किल्लीची पेटी असते ना आपली, ती त्यानंच दोन वर्षांपूर्वी ठोकली होती. किल्ली काढली, दार उघडलं, दिवा लावला.

नंतर त्यानं मला सांगितलं की पहिल्यांदा त्याला खटकला तो वास. बंद घराला कोंदट वास येतो. इथे साबणाचा येत होता. ओल्या कपड्यांचा. त्यानं मनावर घेतलं नाही. डबा खिडकीखालच्या टेबलावर होता. पिशवी खाली ठेवून तो तारेला हात घालणार, एवढ्यात डब्याचा हिरवा दिवा लाल झाला.

इथे माझ्या टेबलावर फोन वाजला. नऊ बेचाळीस. पडद्यावर त्या घराचा पत्ता. बंद केलेल्या नोंदीचा पत्ता पडद्यावर येत नाही, तुम्हाला शिकवलंय ते. त्या रात्री आला.

मी सवयीनं म्हटलं, "बोला, काय होतंय?"

"अरे दादा, मी आहे," पक्कड्याच बोलला. "हा आपोआप लागला."

"बटन दाबलं असशील."

"बटन पाकिटात, पाकीट खिशात. सीलसुद्धा तसंच आहे."

"मग कोणाचा हात लागला?"

"इथे कोण आहे हात लावायला!"

तेवढ्यात मला ऐकू आलं. श्वास. धाप लागल्यासारखा. पक्कड्याच्या मागून नाही. डब्याजवळून. पक्कड्यापेक्षाही जवळून.

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"नीट बघ."

"दादा… मी एकटाच आहे."

मग ती बोलली. म्हाताऱ्या बाईचा आवाज, दमलेला.

"आत…"

"आत… जा…"

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?"

डबा त्याच्या हाताशी होता. आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

बावीस वर्षं झाली मला या टेबलावर. लोकांचे शेवटचे शब्द ऐकलेत मी. पण त्या क्षणी मी घाबरलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एवढंच म्हणालो, "डबा राहू दे. बाहेर निघ. पळ!"

त्यानं का म्हणून विचारलं नाही. माझ्या आवाजावरूनच ओळखलं असणार. धावत गेल्याचा आवाज आला. दार आपटलं.

घर रिकामं झालं. लाइन चालूच होती.

फोन ठेवावा असं वाटत होतं. तरी कानाला तसाच धरून बसलो.

चपलांचा आवाज आला. फरफटत. डब्यापासून लांब जाणारा. कुठलीशी कडी निघाली. मग बराच वेळ काही नाही…

मग चमचा. भांड्याच्या कडेला लागलेला चमचा.

"घ्या हो…" तोच आवाज, लांबून. "एवढा एकच घोट… उघडा तोंड…"

आणि कोणीतरी खोकलं.

पुरुष.

मेलेली बाई बोलते हे एक वेळ मी पचवलं असतं. पण तो खोकला जिवंत माणसाचा होता.

मी मोबाइलवरून पक्कड्याला लावला. तो गल्लीच्या तोंडाशी स्कूटरला किल्ली लावत होता.

"परत आत जा," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला, दादा?"

"त्या घरात मागे खोली आहे?"

"आहे."

"तू डबा बसवलास तेव्हा त्या खोलीत कोणी होतं का?"

स्कूटरची किल्ली खाली पडल्याचा आवाज आला.

"पक्कड्या…"

"नवरा होता," तो म्हणाला. "तिचा नवरा. अंगावरून वारं गेलेला. बोलता येत नव्हतं, कूससुद्धा बदलता येत नव्हती. तीच सगळं करायची. झोपलेत म्हणाली, म्हणून मी आत डोकावलो नाही. आज चिठ्ठीवर घर बंद वाचलं, वाटलं तेही मधल्या काळात गेले असतील."

"मग फॉर्मवर का नाही?"

"ते मागच्या पानावर असतं… घरात यांच्यावर अवलंबून कोण, ते. त्या दिवशी मला सात घरं होती, दादा. मी म्हटलं, आजी, तुम्ही सही करा, मागचं मी भरतो."

मागचं कोरंच राहिलं. कोरं आहे म्हणजे कोणी नाही, असं टाइप करणाऱ्यानं धरलं. मी ते वाचलं आणि दीड मिनिटात एका जिवंत माणसाला घरात कोंडून मोकळा झालो. रविवार सकाळ ते गुरुवार रात्र. मला आजही त्याची लाज वाटते.

"गाडी सोडतोय," मी म्हटलं. "अकरा मिनिटं लागतील. तेवढा वेळ आहे का त्यांच्याकडे, मला माहीत नाही. तू जा."

"दादा…" त्याचा आवाज रडवेला झाला होता. "फोन ठेवू नकोस."

ठेवला नाही. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानाला टेबलावरचा फोन. दार उघडलं. तो चालायला लागला. मोबाइलमध्ये एकाच माणसाची पावलं.

डब्यातून दोघांची.

बुटांच्या पुढे चपला. फरफटत. त्याला वाट दाखवत.

मी त्याला सांगितलं नाही.

पावलं थांबली. दोन्ही.

"दादा…"

"बोल."

"जिवंत आहेत. बघतायत माझ्याकडे."

टेबलावरचा फोन आपोआप बंद झाला.

आजोबा वाचले. पुढे दोन वर्षं काढली त्यांनी, माणसं ठेवून दिली आपण. पण त्या रात्री गाडीतल्या डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या. साडेचार दिवस एकटा पडलेला माणूस, पाठीला एक जखम नाही, ओठ ओले, अंगाखालची चादर धुतलेली. यांचं बघत कोण होतं? पक्कड्या त्यांना काय सांगणार!

गाडी यायच्या आधीच त्यानं ती वही पाहिली होती. पलंगाच्या दांडीला दोरीनं बांधलेली, मध्ये शाईचं पेन. अशी वही ठेवणारे पुष्कळ असतात. दर दोन तासांनी कोणती कूस, किती पाणी, कोणती गोळी. आजींचं तिरकं अक्षर, निळी शाई. रविवार, सकाळी दहा, उजवी कूस. तिथे ती संपायला हवी होती.

त्याखाली रविवार दुपारी बारा. दोन. चार. सोमवार. मंगळवार. पानामागून पान, तेच अक्षर, एक वेळ चुकलेली नाही.

शेवटची ओळ गुरुवारची होती. रात्री पावणेदहा. पाणी, चार चमचे.

पक्कड्यानं त्या ओळीवर बोट टेकवलं.

रात्री एक वाजता तो इथे आला, आत्ता तू बसलायस त्याच खुर्चीवर बसला आणि बोट माझ्यासमोर धरलं.

टोक निळं होतं.