टाकीवरची तांबडी ओळ

यशया खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता. "आज चार वाजता ग्रामसभा आहे, मॅडम. ती ओळ मी मागाहून खोटी लिहिली, असा ठराव झाला की वस्तीचं पाणी गेलं आणि माझी मास्तरकीही."

निकिता वाबळे अहिल्यानगरात खासगी तपासाची कामं करायची. तिचा जोडीदार सॅमसन गाडी चालवायचा, माणसं शोधायचा आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. आज मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. यशया त्याचा सख्खा मेहुणा होता.

हकिकत सरळ होती. जामखेडच्या अलीकडे, यशयाच्या गावात, रंगुबाईंनी आपल्या नावावरच्या शेतात बोअर घेतला आणि टाकी बांधली. चुना दिलेल्या टाकीवर यशयाने अक्षरं रंगवली. वर काळ्या रंगात रंगुबाईंचं नाव, खाली तांबड्यात 'पाणी गावाला आणि चर्चवस्तीला सारखं'. त्यांनी सांगितलं तसंच. त्याच आठवड्यात रंगुबाई झोपेतच गेल्या. टाकी होती शेतात, गावाच्या एका बाजूला. गावाने ती नीट पाहिली ती दहाव्याला.

"आता त्यांचा पुतण्या हर्षल फोटो दाखवत फिरतोय," यशया म्हणाला. "मी अक्षरं रंगवून निघालो, त्यानंतर लगेच काढलेला. त्यात काळी अक्षरं आहेत. तांबडी ओळ नाही."

"मग नंतर लिहिलीस का?" सॅमसनने न राहवून विचारलं.

"मी निघालो तेव्हा तिचा रंग ओला होता, दाजी!"

निकिता उठली. "गाडी काढा, सॅमसन. मेहुण्यावर संशय वाटेत घ्या."

वाटेतलं कडा गाव ओलांडेपर्यंत सॅमसनने किती वेळा घड्याळ पाहिलं, त्याला गणती नाही. उन्हाची झळ काचेतून आत येत होती. मेहुणा खरा असेल तर फोटो खोटा, आणि फोटो खरा असेल तर? बायकोला काय तोंड दाखवायचं? त्याने निकिताकडे पाहिलं. ती खुशाल चिंचा चोखत होती. त्याला रागच आला.

रंगुबाईंचे पती आबासाहेब ओसरीवर बसले होते. टाकी रंगवली तेव्हा ते नगरच्या दवाखान्यात होते, ऑपरेशनसाठी.

"मला तिनं काय सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "घरी आलो तर ती गेल्ती. यशया खोटं बोलंल असं वाटत न्हाई. पर फोटू बी हाय ना, बाई."

तो फोटो कोनाड्यात होता, पालथा घातलेला.

"पालथा का, आबा?"

"बघवत न्हाई." म्हाताऱ्याने मान फिरवली. "मी जित्ता असताना तिचं असं रूप... न्हाई बघवत."

निकिताने तो सुलटा केला. मोठा, चौकोनी, कृष्णधवल फोटो. आभाळ पाटीसारखं काळंकुट्ट, त्यावर ढग पिंजून ठेवल्यासारखे पांढरे. पांढरीशुभ्र टाकी, तिच्यावर ठसठशीत काळी अक्षरं. शेजारी रंगुबाई, डोक्यावर पदर, उजळ चेहरा. हनुवटीवरचं गोंदण ठिपका न् ठिपका मोजावा इतकं स्वच्छ. कपाळ मोकळं.

"झकास आलाय," सॅमसन नाइलाजाने म्हणाला.

"फारच झकास," निकिता म्हणाली. "आबा, रंगुबाई कुंकू लावायच्या?"

"लावायच्या म्हंजी? रुपयाएवढं! चूल पेटवायच्या आधी कुंकू. त्यात खाडा न्हाई."

सॅमसनला वाटलं, वेळ चाललाय आणि ही म्हाताऱ्याशी गप्पा मारतेय.

हर्षल मळ्यातल्या नव्या खोलीत भेटला. पुण्यातली नोकरी सोडून त्याने डाळिंब लावलं होतं. जुने कॅमेरे हा त्याचा नाद. त्याने टेबलावर एक डबीसारखा कॅमेरा ठेवला. एकावर एक दोन भिंगं.

"वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालचं फोटो काढतं. रोलचा कॅमेरा आहे. निगेटिव्ह जिथे हवी तिथे तपासा."

"ती अस्सलच असणार," निकिता म्हणाली. "आभाळ इतकं काळं कसं आलं?"

"दुपारचं निळं आभाळ. असंच येतं."

"भिंगावर रंगीत काच लावतात ना, फिल्टर?"

"माझ्याकडे आहेत, पण दुसऱ्या कॅमेऱ्याचे. ते आट्यांचे, फिरवून बसवायचे. ह्याच्या काठाला आटे नाहीत, खाचा आहेत. बसतच नाहीत. याचे फिल्टर नगरच काय, पुण्यातही मिळत नाहीत."

निकिताने कॅमेरा उचलून उजेडात धरला. वरच्या भिंगाचा काठ काळा, कोरा करकरीत. खालच्या काठाचा काळा रंग गोल घासून गेला होता आणि आतलं पितळ चमकत होतं.

"पाणी वस्तीला गेलं तर तुमच्या बागेचं काय?"

"उघड आहे, बाग जळेल. म्हणून मी खोटं बोलतो असं नाही."

बाहेर आल्यावर ती सॅमसनला म्हणाली, "जामखेडला जा आणि लाल जिलेटिन कागद आणा. सजावटीचा."

"तीन वाजून गेलेत, मॅडम! माझ्या मेहुण्याची अब्रू पणाला लागलीय आणि तुम्हाला पताका सुचतात?"

"गडद लाल आणा. गुलाबी नको."

सभा टाकीपाशीच भरली होती. सॅमसन धापा टाकत पोचला तेव्हा चुन्याची बादली आणि कुंचा तयार होता. तांबडी ओळ पुसायचीच, असं बऱ्याच जणांनी आधीच ठरवलेलं दिसत होतं. यशया मान खाली घालून उभा होता.

निकिताने कागदाचे चौकोन फाडून पुढच्या माणसांना वाटले. "डोळ्यांसमोर धरा आणि टाकी वाचा."

कागद हातोहात मागे गेले. मग मागून एक बाई ओरडली, "आगं बया! ओळ गेली की!"

"काळी अक्षरं हायती," दुसरा म्हणाला. "तांबडी न्हाईत!"

"लाल काचेतून पांढरा चुनाही लाल, तांबडा रंगही लाल," निकिता म्हणाली. "मग अक्षर उठणार कशावर? कृष्णधवल फोटोत दोन्ही पांढरी. निळं आभाळ मात्र काळं पडतं. फोटो खरा आहे, हर्षल. तो लाल फिल्टरमधून काढलाय."

"सांगितलं ना, फिल्टर बसत नाहीत!"

"बसत नाहीत, म्हणून तुम्ही पितळी कडं करून घेतलंत. एका बाजूला खाचा, दुसऱ्या बाजूला आटे. ते घालून-काढून खालच्या भिंगाचा काठ झिजलाय. वरचा नाही."

"तो भिंगावर ऊन पडू नये म्हणून लावायच्या झडपेने झिजलाय!"

"असेलही. म्हणून मी काठावर विसंबले नाही." तिने फोटो उंच धरला. "रंगुबाईंचं हिरवं गोंदण ठिपक्यासकट दिसतं आणि रुपयाएवढं कुंकू दिसत नाही. नवरा हयात असताना ही बाई मोकळ्या कपाळाने फोटोला उभी राहील? ज्या काचेने ओळ पुसली, तिनेच कुंकू पुसलं."

सॅमसनने कपाळावर हात मारून घेतला. फोटो त्यानेही पाहिला होता, झकास म्हणून.

"समजा, कडं होतं," हर्षलचा आवाज चिरकला. "आभाळासाठी लावलं असेल, विसरलो. फोटोत ओळ नाही, म्हणून मला वाटलं, ती नव्हतीच!"

"फोटो काढताना तुम्ही कुठून बघितलंत?"

हर्षलने नजर टाकीकडे वळवली.

"वरच्या भिंगातून. त्याच्यावर फिल्टर नव्हता. काकूंचं कुंकू आणि तांबडी ओळ, दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर होती. तेव्हा तुमच्या मनात पाप नव्हतं, ते आलं फोटो धुतल्यावर. पण ओळ तुम्ही वाचली होती."

हर्षलने आबासाहेबांकडे पाहिलं. "आबा, बाग आपलीच आहे ना! मी काय एकट्यासाठी..."

आबासाहेब सावकाश पुढे आले. त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. "बाग मागितली असतीस तर दिली असती, लेका. तिचा शेवटचा शब्द कशापायी खाल्लास? तुला न्हाऊमाखू घालून मोठा केला तिनं."



सरपंचांनी घसा खाकरला. "ठराव मागं घेऊ. वस्तीच्या पाइपाचं पुढच्या सभेत बघू."

"पुढच्या सभेपत्तुर मी ऱ्हातो का न्हाई, कुनाला ठावं?" आबासाहेब म्हणाले. त्यांनी कोणाच्या तरी हातातला टिकाव घेतला, वस्तीच्या दिशेला तोंड केलं आणि कडक भुईवर पाइपाच्या चराचा पहिला घाव घातला. ऑपरेशनचे टाके अजून ओले होते. दुसऱ्या घावाला ते कळवळले.

यशया आणि सॅमसन एकदमच धावले.