पहाटेची वीज कोणाची?

"आमच्या घरचे चार गीझर सुरू झाले, की जागृतीच्या घरची उबवणपेटी बंद का पडते?"

विचारला! भर ग्रामसभेत, माईक हातात घेऊन विचारला! "तुझे पप्पा पुढच्याच खुर्चीत असतात, तुझी कसली हिंमत होतेय!" असं माझ्या मैत्रिणी, हर्षा आणि जागृती, आठवडाभर मला चिडवत होत्या. आता त्या दोघींचीच तोंडं उघडी राहिली. पप्पांचंही!

आमचं निंबारे पांझरा नदीच्या काठी आहे. गावाची वीज गावातच तयार होते. माळावर सौरपट्ट्या, शाळेमागे खोलीएवढी बॅटरी, आणि या सगळ्याचा कारभार बघतो एक यंत्रमानव. पूर्वी नदीचं पाणी पाटाने शेतोशेत पोचवणारा माणूस असे, त्याला पाटकरी म्हणत. म्हणून आमच्या यंत्रमानवाचं नावही पाटकरी.

जागृतीची आई, म्हणजे हिराकाकू, उबवणपेटीत (अंड्यांना कोंबडीसारखी ऊब देणाऱ्या खोक्यात) गावठी पिल्लं काढतात. पण हिवाळ्यात पहाटे विजेचा भाव असा काही चढतो, की काकूंना पेटी बंदच करावी लागते. मागची सगळी अंडी थंड पडून वाया गेली. आता पेटीत नवी अंडी होती. आणि आजच्या सभेत ठरायचं होतं, वीज बाजारभावावर सोडायची, की प्रत्येक घराला मर्यादा घालायची?

"पाटकरी, दे पोरीला उत्तर," सरपंचताई म्हणाल्या.

पाटकरीने भिंतीवर उजेडाची एक रेघ काढली. पहाटेच्या जागी ती डोंगरासारखी वर गेली.

"हा मागणीचा कळस (सगळ्यांना एकदमच वीज हवी असते ती वेळ)," तो म्हणाला. "आपल्या गावात पारोसं (बिनआंघोळीचं) कोणी चुलीपाशी जात नाही. म्हणून सूर्य उगवायच्या आत सगळे गीझर एकदम सुरू! बॅटरी रात्रभर वापरलेली, तिच्यात तळच उरलेला. माल थोडा, गिऱ्हाईक फार. भाव चढणारच."

"मग देतोय ना मी तो भाव!" पप्पा उठले. "फुकट मागतोय का?"

"नाही, भाऊसाहेब. पण जास्त पैसे दिले म्हणून सूर्य लवकर उगवत नाही. पहाटे तुम्ही जादा घेतलेली वीज कोणाच्या तरी घरातूनच कमी होते."

सभा हसली. मला तर चेवच चढला. "म्हणजे मर्यादाच घाला! सगळ्यांना सारखी, दिवसभर!"

"घालून बघू," पाटकरी म्हणाला. रेघ एकदम सपाट झाली. पण दुपारच्या जागी तिच्यावर एक भलामोठा पिवळा डोंगर उभा राहिला. "ही दुपारच्या उन्हाची वीज. बॅटरी भरूनही उरते. पण तुझ्या नियमाने तुझ्या पप्पांचं मिरची-कांडप तेव्हाही बंद. वीज वाया, आणि मिरच्या अख्ख्याच!"

आता हसायची पाळी पप्पांची होती. बाजारावर सोडलं तर पहाटे अंडी थंड, मर्यादा घातली तर दुपारी वीज वाया. आता?

"बस खाली," हर्षा कुजबुजली.

पण मी पाटकरीकडे बघत होते. पाटकरी... पाट... पाळी!

"थांबा, थांबा!" मी ओरडलेच. "नदीला पाणी कमी असायचं तेव्हा जुना पाटकरी काय करायचा? प्रत्येकाला पाळीने द्यायचा ना? आधी पैसेवाल्याला, असं नव्हतं! आणि पाणी भरपूर असलं, की तो कशाला अडवेल? मग विजेचंही तसंच करू! पहाटे टंचाई, तेव्हा आधी प्रत्येक घराला गरजेपुरता वाटा. त्यातून उरेल तीच बाजारात. दुपारी सुकाळ, तेव्हा बाजार मोकळा. भाव उतरेल, कांडप चालेल!"

पाटकरीचे डोळे हिरवे चमकले. "आणि दुपारी तापवलेलं पाणी उष्णतारोधक टाकीत (आतली ऊब बाहेर जाऊ न देणाऱ्या टाकीत) ठेवलं, तर पहाटे गीझरच नको. ऊन साठवायला बॅटरीच लागते असं नाही, ताई. गरम पाण्यातही ते साठतं."

बाप रे! बादलीभर ऊन!

भराभर हात वर झाले. पप्पांचा सगळ्यात शेवटी, तोही अर्धाच. "कांडपासाठी बरं का," ते पुटपुटले. हिराकाकूंनी माझा गालगुच्चा घेतला. "का वं, वाघीण! पहिलं पिल्लू तुझं."

घरी जाताना मम्मीने कपाळाला हात लावला. "टाक्या यायच्या संक्रांतीनंतर. तोवर आपल्या वाट्यात एकच गीझर! चार माणसांनी काय रांग लावायची?"

"तुमच्या लेकीलाच विचारा," पप्पा म्हणाले.

मी रस्त्यातच थांबले आणि सभेतल्या आवाजात जाहीर केलं, "मम्मी, पप्पा, मी ठरवलंय! टाकी येईपर्यंत मी आंघोळ दुपारी, शाळेतून आल्यावर करणार. सकाळी पारोशीच जाणार! आणि मम्मी, मी चुलीपाशी येणार नाही, डबा दारातूनच दे!"