पडद्यापलीकडची खाट

ताई फोनचा चार्जर घरी विसरली होती. तो द्यायला मी दवाखान्यात गेले, एवढंच काम होतं. भर दुपार होती, पण प्रसूतीच्या खोलीत दुपार पोचतच नव्हती. खिडक्यांना दुधी काचा, वर दिव्याची एकच मिणमिणती नळी, फिनेलचा वास आणि त्याच्याखाली आणखी एक, ओल्या लोखंडासारखा. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा. अलीकडच्या खाटेवर ताई, दोन्ही हातांनी कठडा आवळून.

सकाळपासून तिला कळा येत होत्या. कळांचं दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन घ्यायचं हे तिने कधीचंच ठरवलं होतं आणि आल्यापासून ती तेच मागत होती. पण त्या खोलीची एक पद्धत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवायचं ते फक्त मोठ्या सिस्टरनी, आणि तेही त्यांनी तपासून 'आता' म्हटल्यावर. त्या तपासायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, अजून लवकर आहे, कळा थंडावतील.

आई त्यांची री ओढत होती. म्हणे, मी तुम्हा दोघींना तसंच जन्माला घातलं, मेले का? मी म्हटलं, मेली नाहीस म्हणून हिनेही भोगायचं? त्यावर आईने मला गप्प केलं. हळू बोल, अजून सगळं त्यांच्याच हातात आहे. पोटच्या मुलीच्या दुखण्यापेक्षा तिला त्या बाईंच्या कपाळावरच्या आठीची भीती जास्त.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. दमलेला, कोरड्या घशाचा.

"सिस्टर... आता तरी?"

"अजून वेळ आहे," सिस्टर म्हणाल्या. मानही वर न करता, हातमोजे उतरवत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे तिकडेही तेच! सिस्टर हात धुवायला वळल्या तशी मी पडद्याजवळ सरकले. पडदा हलला नाही, पण आवाज अगदी कानाशी आला.

"त्या बोलावणार नाहीत... आधी लवकर म्हणतात. मग उशीर... डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतात. तू जा..."

मी जिना धडाधडा उतरले. डॉक्टर चहा पीत बसले होते. माझं ऐकून त्यांनी कप तसाच ठेवला.

"लवकर कसलं? कळा नीट सुरू आहेत आणि ती मागतेय ना? मग हीच वेळ. मला कोणी कळवलंच नाही."

सकाळपासून ते मोकळे होते. सकाळपासून!

वर येऊन त्यांनी ताईला कुशीवर वळवून पाठीत सुई दिली. हळूहळू तिच्या मुठी सुटल्या. तिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, "चार्जर आणलास?" मला हसू आलं आणि त्याच दमात रडू.

"डॉक्टर, आता त्यांनाही द्या," मी पडद्याकडे बोट केलं.

"कोणाला?"

मी पडदा ओढला. उघडी गादी, चादरसुद्धा नाही. मी कठड्यावर हात ठेवला. तो गरम होता, आणि घामाने ओला.

डॉक्टर चक्रावून माझ्याकडे बघत राहिले, मग सामान आवरून गेले. आईने माझा दंड धरला. तिनेही तो आवाज ऐकला होता.

"सिस्टर, इथे कोण होतं?" मी विचारलं.

त्या ट्रेमधली कात्री पुसत होत्या. हात थांबला नाही.

"होती एक. फार घाई करायची."

कुठे गेली, हे मी विचारलं. त्यांनी कात्री ठेवून चिमटा घेतला. आईने घाईघाईने पडदा पुन्हा ओढून घेतला, जणू त्याने काही झाकलं जाणार होतं. ताईला झोप लागली होती. मी तिचा हात धरून बसले. खोली शांत झाली. इतकी, की वरच्या नळीचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

"सिस्टर..." पडद्यामागून आलं. "आता तरी?"

मोठ्या सिस्टरनी मान वर केली नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने, चिमटा पुसता पुसता त्या म्हणाल्या,

"आता उशीर झाला, बाई. आता जोर कर."

पडद्यामागे कोणीतरी खोल श्वास घेतला... आणि रिकाम्या खाटेचा कठडा करकरायला लागला.